दोन रस्ते जोडले, दिवा हिरवा, तरी वजनकाटा बंद. बाँडिंगमध्ये काय चुकलं?

काटापट्टी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कॉम्प्युटर, कॅमेरे, नेटवर्क हे सगळं मी सांभाळतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, बाकी काम करता करता शिकलो. काल जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मांडणी सांगतो. काट्याची केबिन फाटकाजवळ, ऑफिस आतल्या बाजूला. केबल ज्या वाटेने जाते ती वाट १८० मीटर. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच, म्हणून फायबर टाकलं आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल एकमेकांना जोडणारी डबी). काट्याच्या इंडिकेटरमधून वजन सिरियल केबलने केबिनच्या कॉम्प्युटरवर येतं, तिथून ऑफिसच्या सर्व्हरवर जातं, आणि सर्व्हरने नंबर दिला की काटापट्टी छापून निघते. म्हणजे काटा धडधाकट असला तरी लाइन गेली की गाडी जागची हलत नाही.

मागच्या हंगामात नाली खोदताना जेसीबीने फायबर तोडलं होतं. दोन दिवस हाताने पावत्या फाडल्या. तेव्हाच ठरवलं की पुढच्या दसऱ्याच्या आत दुसरा रस्ता करायचाच. तसा केला. ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओची जोडी लावली, केबिनच्या कॉम्प्युटरमध्ये (लिनक्स आहे) दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. एका कार्डात फायबर, दुसऱ्यात रेडिओ, ऑफिसकडे दोन्ही एकाच नेटवर्क स्विचला. दोन कार्डं मिळून एक बाँड केला, म्हणजे कॉम्प्युटरला दोन्ही मिळून एकच कार्ड दिसतं: मोड १, म्हणजे ॲक्टिव्ह-बॅकअप, एक कार्ड कामाला, दुसरं राखीव. प्रायमरी, म्हणजे पहिली पसंती, फायबर. एमआयआय-मॉन १००, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी कार्डाला लिंक आहे का हे तपासलं जातं. मी स्वतः दहा वेळा फायबरकडची केबल उपटून पाहिली. एखादं पिंग (सर्व्हर उत्तर देतो का हे पाहणारा छोटा निरोप) चुकायचं, की लगेच रेडिओवरून सुरू. समाधान वाटलं.

काल दुपारी चारच्या सुमारास पट्टी निघणं बंद झालं. बाहेर पन्नास-साठ गाड्यांची रांग. पिंग मारलं तर सर्व्हर दिसेना. कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं, दोन्ही कार्डांचे दिवे हिरवे! बाँडची स्थिती पाहिली तर ॲक्टिव्ह कार्ड फायबरचंच. रेडिओ ठणठणीत होता, पण त्याच्याकडे कोणी वळेना. शेवटी फायबरची केबल हाताने उपटली तेव्हा काम सुरू झालं. हे सुचेपर्यंत सव्वा तास गेला. फायबर कुठे तुटलं ते आज सापडलं, उंदरांनी पाइपाच्या तोंडाशी कुरतडलं होतं.

सव्वा तास म्हणजे काय ते ज्यांनी कापूस विकला आहे त्यांना सांगायला नको. भाड्याचा मेटॅडोर करून लोक सकाळपासून उभे होते, गाडीवाल्याचं वेटिंग शेतकऱ्याच्या अंगावर. वरून उशीर झाला की गाडी मुक्कामी राहते, थंडीत रात्र काढावी लागते. मी दुसरा रस्ता केला तो यासाठीच, आणि ऐन वेळी तोच वापरला गेला नाही. कुठे चुकलं ते कृपया सांगा.

धुरकरी | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

भाऊ, तुम्ही कार्डाचे दिवे पाहले. केबिनमधल्या त्या कन्व्हर्टरच्या डबीचे पाहले का? तिच्यावर दोन लिंकचे दिवे असतात. एक तांब्याच्या बाजूचा, एक फायबरच्या बाजूचा. फायबर तुटलेलं असतानी कोणता चालू होता अन् कोणता बंद, ते आठवून सांगा. मले वाटून राह्यलं की उत्तर तिथंच आहे.

काटापट्टी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

धुरकरीभाऊ, काल घाईत लक्ष दिलं नाही. आज मुद्दाम फायबर काढून पाहिलं. फायबरचा दिवा बंद होतो, तांब्याचा सुरूच राहतो.

पळसफूल | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

धुरकरींनी बरोबर नस पकडली. दादा, तुमची मांडणी चुकीची नाही, उलट चांगली आहे. बाँड केबिनच्या कॉम्प्युटरवर ठेवला, दोन स्विचच्या मध्ये दोन तारा ओढल्या नाहीत, त्यामुळे लूप होण्याची, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहण्याची भीतीच राहिली नाही. ॲक्टिव्ह-बॅकअपला स्विचकडून काहीही लागत नाही, साधा स्विचही चालतो. चूक फक्त एकाच प्रश्नाची आहे: तुमचा बाँड काय विचारतो आहे?

एमआयआय-मॉन कार्डाला विचारतं, “तुझ्या समोर कोणी आहे का?” समोर आहे कन्व्हर्टर. एक मीटरवर ठेवलेली डबी, तिला वीज आहे, तिचा तांब्याचा पोर्ट जिवंत आहे. कार्ड खरंच सांगतं, “हो, आहे.” त्या डबीच्या पलीकडे १८० मीटर फायबर आहे की नुसती उंदरांची वाट आहे, हे कार्डाला कळायला मार्गच नाही. तुम्ही चाचणीत केबल उपटली ती कार्ड आणि डबी यांच्या मधली. तेवढाच तुकडा एमआयआय-मॉनला दिसतो, म्हणून चाचणी दहाही वेळा पास झाली.

रेडिओचंही हेच होणार. केबिनवरचा रेडिओ चालू आहे म्हणून कार्डाचा दिवा हिरवा, समोरच्या रेडिओशी त्याचं बोलणं तुटलेलं असलं तरी.

उपाय बाँडिंग ड्रायव्हरमध्येच आहे, आर्प मॉनिटर. ठरावीक वेळाने बाँड स्वतः आर्पचा प्रश्न पाठवतो, “अमुक आयपी कोणाकडे आहे?” उत्तर आलं तर रस्ता शेवटपर्यंत चालू, नाही आलं तर दुसऱ्या कार्डावर जायचं. सेटिंग दोनच: आर्प-इंटरव्हल (तुम्हाला १००० मिलिसेकंद पुरे) आणि आर्प-आयपी-टार्गेट, म्हणजे कोणाला विचारायचं. टार्गेट १६ पर्यंत देता येतात. तुम्ही दोन द्या, सर्व्हर आणि ऑफिसचा राउटर. एकटा सर्व्हर दिला आणि तो कधी अपडेटसाठी बंद केला, तर बाँडला दोन्ही रस्ते मेल्यासारखे वाटतील.

एमआयआय-मॉन मात्र काढून टाका. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत.

आणखी एक, मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते म्हणून सांगते. राखीव कार्ड तर काही बोलत नाही, मग ते जिवंत आहे हे बाँडला कळतं कसं? आर्पचा प्रश्न सगळ्यांसाठी मोठ्याने विचारलेला असतो. तो फायबरने ऑफिसच्या स्विचपर्यंत जातो, स्विच तो सगळीकडे पसरवतो, आणि तोच प्रश्न रेडिओवरून फिरून राखीव कार्डावर येऊन पोचतो. स्वतःचीच हाक दुसऱ्या दाराने ऐकू आली म्हणजे दुसरा रस्ता मोकळा आहे. यासाठी आर्प-व्हॅलिडेट ‘ऑल’ करून ठेवा, म्हणजे कुठल्याही इकडच्या-तिकडच्या पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) बाँड भुलणार नाही.

जुना_लाइनमन | १९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी वीज खात्यातून निवृत्त. कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, पण ताईंचं वाचून आमचंच काम आठवलं. फेजला टेस्टर लावला की टेस्टर पेटतो, माणूस म्हणतो करंट आहे. अन् बल्ब लावला तर लागत नाही, कारण न्यूट्रल कुठंतरी पुढं तुटलेला. नवीन पोराला मी पहिलं हेच शिकवायचो की टेस्टरवर जाऊ नको, लोड लावून पाहा. तुमचा तो हिरवा दिवा म्हणजे टेस्टर आहे.

दुसरं, कन्व्हर्टरच्या डबीला खाली किंवा बाजूला बारीक खटके असतात. त्यात एलएफपी असं काही लिहिलेलं आहे का पाहा. माझा पुतण्या केबलचं काम करतो, तो सांगतो की तो खटका चालू केला तर फायबर गेल्यावर डबी स्वतःच तांब्याची बाजू पाडते.

पळसफूल | १९ नोव्हेंबर, दुपारी २:००

काका, टेस्टरचं उदाहरण मी आता आमच्या ऑफिसात वापरणार! आणि पुतण्या बरोबर सांगतो. लिंक फॉल्ट पास-थ्रू म्हणतात त्याला. सगळ्या कन्व्हर्टरमध्ये नसतं, असेल तर दोन्ही टोकांना चालू करा. पण त्याने फक्त फायबर तुटलेलं कळेल. ऑफिसचा स्विच हँग झाला, कन्व्हर्टर गरम होऊन पॅकेट गिळायला लागला, हे नाही कळणार. आर्प मॉनिटर हवाच.

काटापट्टी | १९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

खटका आमच्या डबीला नाही. आर्प मॉनिटर लावला. दोन टार्गेट, १००० मिलिसेकंद. या वेळी केबल उपटली नाही, ऑफिसच्या टोकाचं फायबर काढलं. कार्डाचा दिवा हिरवाच राहिला, आणि दोन-तीन सेकंदांत बाँड रेडिओवर गेला. पट्टी छापली गेली. मग रेडिओची ऑफिसकडची वीज काढली, फायबर परत जोडलं, तेही जमलं. ताई, धुरकरीभाऊ, काका, मनापासून आभार.

मालक बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, “आता दोन लाइनी झाल्या तर स्पीड डबल का होत नाही? एक रिकामीच कायले ठेवता?” मला नीट सांगता आलं नाही. मोड ० म्हणजे आळीपाळीने दोन्हीकडून पाठवणं, ते लावून पाहू का?

धुरकरी | २० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

नका लावू भाऊ. म्या लावून पाहलं आहे. फायबर गिगाबिट अन् रेडिओ त्याच्या निम्म्याहून कमी. एका जुवाले एक खिल्लारी गोऱ्हा अन् एक म्हातारा बैल जुंपला तर धुरी कोण्या बाजूनं ओढली जाते? वर रेडिओचा उशीर दर क्षणाले बदलते. पॅकेट उलटेसुलटे पोचतात. टीसीपीले (डेटा क्रमानं अन् पुरा पोचवणारा नियम) वाटते मधलं हरवलं, मागच्या मागं पुन्हा पाठवते. स्पीड वाढाचा सोडून कमी होते.

पळसफूल | २० नोव्हेंबर, सकाळी १०:१०

अगदी. टीसीपीचा नियम असा की एकाच जागेची पोच जास्तीची तीनदा आली की ते पॅकेट हरवलं असं धरून चालायचं. आळीपाळीने पाठवताना हे सारखं होतं, रस्ते सारखे नसतील तर फारच.

मालकांचा प्रश्न मात्र रास्त आहे, त्यांना असं सांगा. एका काटापट्टीची माहिती काही किलोबाइट. तुमच्या केबिनला वेग नकोच आहे, खात्री हवी आहे. वेग वाटून घेण्याची गरज असेल तर ती ऑफिसात: सर्व्हर आणि स्विच यांच्या मध्ये. तिथे दोन सारख्या गिगाबिट तारा टाकून मोड ४ म्हणजे एलएसीपी (दोन्ही टोकं आपसात बोलून तारांची एक जोडी करतात ती पद्धत) लावता येईल. (लिनक्समध्ये त्याला अजून ८०२.३एडी म्हणतात. ते मानक २००० सालचं, २००८ पासून ते ८०२.१एएक्समध्ये गेलं, पण जुनं नाव काही सुटलं नाही.) त्यासाठी स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) आणि एलएसीपी जाणणारा लागतो.

पण तिथेही एक फाइल कॉपी केली तर ती दोन गिगाबिटने जाणार नाही. एलएसीपी प्रत्येक संभाषण उचलून एकाच तारेवर बसवतो, ते शेवटपर्यंत त्याच तारेवर, म्हणजे क्रम बिघडत नाही. कोणतं संभाषण कोणत्या तारेवर जाईल हे पत्त्यांचा हिशोब करून ठरतं. सर्व्हरकडून जाणाऱ्या डेटाचा हा हिशोब मुळात फक्त मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यावर होतो. त्यामुळे राउटरमार्गे बाहेर जाणारं सगळंच्या सगळं एकाच तारेवर जाऊन बसतं आणि दुसरी रिकामी, कारण राउटरचा मॅक एकच. लेयर ३+४ केलं की आयपी आणि पोर्ट धरून वाटप होतं आणि दोन्ही तारा कामाला लागतात. म्हणजे दहा जण एकदम काम करत असतील तर फायदा, एकट्याला नाही.

एलएसीपीबरोबर आर्प मॉनिटर चालत नाही, तिथे एमआयआय-मॉनच. ते ठीक आहे, कारण मध्ये कन्व्हर्टर नाही आणि एलएसीपी स्वतःच दुसऱ्या टोकाशी बोलत असतो. वेग ‘फास्ट’ ठेवा: दर सेकंदाला निरोप, तीन सेकंद निरोप नाही आला तर तार बाद. ‘स्लो’मध्ये निरोप ३० सेकंदांनी आणि बाद व्हायला ९० सेकंद.

चिखलदऱ्याचं_धुकं | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

धागा वाचून हुरूप आला. मी मेळघाटात सेवा केंद्र चालवते. एक फायबरचं इंटरनेट आहे, एक ४जी डोंगल. पावसाळ्यात झाड पडलं की फायबर जातं, मग डोंगल लावून कॉम्प्युटर परत चालू करा, तोवर दाखल्यासाठी आलेली माणसं बसून. दूरच्या गावातून पायी आलेली असतात. या दोन्हींचा असाच बाँड करता येईल का?

पळसफूल | २० नोव्हेंबर, रात्री ९:००

ताई, बाँड नाही होणार. बाँडिंगला दोन्ही तारांच्या पलीकडे एकच नेटवर्क लागतं. काटापट्टीदादांच्या दोन्ही वाटा एकाच ऑफिसात पोचतात. तुमच्या दोन वाटा दोन वेगळ्या कंपन्यांकडे जातात, दोन्हीकडे तुमचा आयपी वेगळा.

पण तुमचं काम होण्यासारखं आहे. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा राउटर घ्या, त्यात एमवॅन३ नावाचं पॅकेज टाका. डोंगल राउटरच्या यूएसबीत. राउटर दोन्ही वाटांनी बाहेरच्या पत्त्यांना पिंग करत राहतो, फायबरवरून उत्तर थांबलं की नवीन कामं डोंगलवर. पिंगचे पत्ते बाहेरचेच द्या, राउटरशेजारच्या फायबरच्या डबीचा देऊ नका. वर काकांनी सांगितलेली टेस्टरची गोष्ट इथेही लागू.

एक तयारी ठेवा. वाट बदलताना सरकारी पोर्टलवरचं किंवा बँकेचं उघडं लॉगिन तुटेल, कारण बाहेरून दिसणारा तुमचा पत्ता बदलतो. अर्धा भरलेला अर्ज मध्येमध्ये सेव्ह करत चला. आणि दोन्ही वाटांवर भार वाटून देण्याच्या फंदात पडू नका, त्यात हेच लॉगिन सारखे तुटतील. सरळ एक पहिली, एक राखीव.

जुना_लाइनमन | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

काटापट्टी, दोन गोष्टी राहिल्या. रेडिओची नजर कुठून जाते? गाठींचा ट्रक मध्ये उभा राहिला तर? अन् मृगाच्या आधी विजा पडतात तेव्हा काय?

काटापट्टी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:००

काका, रेडिओ प्रेसच्या टिनाच्या शेडवरून जातो, ट्रकच्या वरून. मी हिशोब केला, ५.८ गिगाहर्ट्झला १८० मीटरवर मधोमध सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी साधारण दीड मीटर जागा मोकळी लागते. शेडच्या कडेपासून तेवढं अंतर आहे, पण रुईची गंजी फार उंच रचली तर अडेल, ते हमालांना सांगून ठेवलं. विजेसाठी रेडिओच्या केबलवर सर्ज प्रोटेक्टर आहे आणि वेगळं अर्थिंग आहे. फायबरमध्ये लोखंडी तार निघाली, ती दोन्ही टोकांना कन्व्हर्टरपासून लांब कापली.

काटापट्टी | २९ नोव्हेंबर, रात्री ११:४५

मंडळी, पुन्हा एकदा बंद पडलं. नऊ मिनिटं, पण पडलं. लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहितो.

ऑफिसमधला एक्स्टेंशन बोर्ड जळाला. त्या एकाच बोर्डवर फायबरचा कन्व्हर्टर, रेडिओचा पीओई अडॅप्टर (नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज देणारा) आणि स्विच, तिघंही. बाँडने आपलं काम केलं, त्याला जायला वाटच उरली नव्हती. बोर्ड उघडला तर आत रुईचा थर. आमच्याकडे हवेत सतत रुई उडते, ती सगळीकडे शिरते. स्विचच्या पंख्यातही तेच, बोटभर गादी निघाली.

दुसरी गोष्ट. उंदरांनी कुरतडलेलं फायबर जोडून घेतलं होतं, पण जोड कच्चा निघाला. २५ तारखेला फायबर जायचं, यायचं, जायचं, यायचं. आलं की बाँड लगेच त्याच्यावर परत, कारण प्रायमरी तेच. प्रत्येक फेऱ्यात दोन-तीन सेकंद अडकायचं.

पळसफूल | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

दादा, नऊ मिनिटांत सापडलं हेही खूप आहे.

येण्याजाण्यासाठी प्रायमरी-रीसिलेक्ट ‘फेल्युअर’ करा. मग बाँड एकदा रेडिओवर गेला की रेडिओ पडेपर्यंत तिथेच राहील, फायबर आलं म्हणून धावत परत जाणार नाही. जोड पक्का झाल्यावर तुम्ही हाताने परत आणा.

विजेसाठी आणि स्विचसाठी: दुसरा स्विच घ्या, साधा, पंखा नसलेला. दोन्ही स्विच एका तारेने जोडा. फायबर पहिल्या स्विचला, रेडिओ दुसऱ्याला. सर्व्हरलाही दोन कार्डं, त्यांचाही ॲक्टिव्ह-बॅकअप, एक-एक तार एकेका स्विचला. पहिला स्विच आणि कन्व्हर्टर एका इन्व्हर्टरवर, दुसरा स्विच आणि रेडिओ दुसऱ्या यूपीएसवर. आर्पचं टार्गेट सर्व्हर आहेच.

मोठ्या पातळीवर हाच विचार चालतो. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायती रिंगने जोडायचं ठरलं, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने वाट. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच नालीतून गेल्या तर एका जेसीबीत दोन्ही जातात.

धुरकरी | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

अन् भाऊ, लिनक्सच्या प्रॉक फाइलमधी बाँडची स्थिती असते ना, तिच्यात प्रत्येक कार्डापुढं लिंक फेल्युअर काउंट लिहिलेला रायते. रोज सकाळी तो आकडा वहीत लिहून ठेवत जा. तुमचं फायबर २५ तारखेच्या आधीच दोन-चारदा पडलं असल. बाँडनं सांभाळून घेतलं म्हणून कोणाले समजलं नाही. आकडा वाढला की त्याच दिवशी जोड पाहाचा.

काटापट्टी | ७ डिसेंबर, रात्री ९:२०

दुसरा स्विच आला, पंख्याशिवायचा. सर्व्हरचं दुसरं कार्डही बसवलं. मालकांनी यूपीएस आणायला लगेच होकार दिला, परवाची रांग त्यांनीही पाहिली होती. फायबरचा जोड परत करून घेतला, पाइपाचं तोंड सिमेंटने बुजवलं.

आज रविवार, आवक बंद होती, म्हणून सावकाश पाहिलं. एकेक वस्तू बंद करत गेलो: फायबर, रेडिओ, पहिला स्विच, दुसरा स्विच, इन्व्हर्टर, यूपीएस. प्रत्येक वेळी केबिनमध्ये बसलेल्या मुलाला रिकाम्या काट्याची पट्टी काढायला लावली. सहाच्या सहा निघाल्या. पहिला स्विच बंद केला तेव्हा ऑफिसमधले दोन कॉम्प्युटर गेले, ते त्याच स्विचवर एका तारेने आहेत. ते चालेल, काटा थांबत नाही.

काउंट वहीत लिहायला सुरुवात केली. जोड परत केल्यानंतर आणि आजच्या चाचणीच्या आधी वाढलेला आकडा: फायबर ०, रेडिओ १. रेडिओचा तो एक गुरुवारी पहाटे साडेपाचचा आहे, लॉगमध्ये वेळ सापडली. तेव्हा प्रेस बंद होती, कोणी काही हात लावला नव्हता. उद्या शेडवर चढून कनेक्टर पाहतो आणि इथे लिहितो.